चार दहाची गाडी

स्टेशन पाडायला पोकलेन नऊला येणार होतं. लोरेन हाउगेन साडेआठलाच घडीची खुर्ची काखोटीला मारून शेजारच्या व्हर्ना स्ट्रुबेलच्या पोर्चमध्ये जाऊन बसली. बोलावलं कुणी नव्हतं. पण स्टेशन समोरासमोर दिसायचं ते तिथूनच. लोरेनच्या अंगणातून दिसायचं ते व्हर्नाचं कुंपण, आणि ते तिने मुद्दामच वाढवलंय असं लोरेनचं ठाम मत होतं.

पोर्चभर खोकी पडली होती. शनिवारी व्हर्ना मुलाकडे ॲरिझोनाला निघाली होती, कायमची. लोरेनच्या हातात चार दिवस उरले होते.

"कॉफी विचारणार नाही," व्हर्ना म्हणाली. "कप बांधून टाकलेत."

"तुझी कॉफी प्यायला आलेच नाहीये मी."

पन्नास वर्षं हे असंच चाललं होतं. बर्फ लोटायचा तो एकमेकींच्या दारात, आणि चर्चमध्ये बसायचं ते दोन टोकांना.

पोकलेनला उशीर झाला आणि बोलणं आपसूक जुन्या गावावर गेलं. गावाचं वाटोळं झाल्याचं दुःख दोघींना सारखंच होतं, फक्त एकमत होऊ द्यायचं नव्हतं. लोरेनला रस्त्यावरची एल्मची झाडं आठवली, तर व्हर्नाला त्यांना लागलेली कीड. लहानपणाचा विषय निघाल्यावर लोरेनने जुनं उकरून काढलंच. दर उन्हाळ्यात व्हर्नाच्या घरचे गुरांच्या मेळ्याला निघाले की त्यांचा पिवळा कॅनरी आठवडाभर लोरेनच्या गळ्यात. दाणापाणी तिने घालायचं, पिंजरा तिने पुसायचा, आणि व्हर्नाच्या आईने कधी 'बरं केलंस पोरी' म्हणून म्हटलं नाही.

"लिंबाच्या गोळ्या दिल्या होत्या डबाभर," व्हर्ना म्हणाली.

"चिकटलेल्या."

बेकरी होती तिथे आता गाड्या धुतात, असं लोरेन म्हणाली. बेकरीचा पाव तसाही कच्चाच असायचा, असं व्हर्नाचं म्हणणं पडलं. मग फोनची गोष्ट निघाली. रस्त्यावरच्या आठ फोनांना मिळून एकच तार होती. कुणाचंही बोलणं सुरू झालं की सात घरं हळूच रिसीव्हर उचलून कान लावायची. यावर मात्र दोघीही हसल्या, आणि हसू आल्याचा दोघींनाही राग आला.

"तू तर स्टुलावर चढून ऐकायचीस," व्हर्ना म्हणाली.

"मला कळायचं काय तेव्हा? ऐकायचं आणि दुकानात पळत जाऊन बाबांना सांगायचं. बाबा मला गावचं वर्तमानपत्र म्हणायचे." लोरेनचा आवाज जरा मऊ झाला.

तेवढ्यात पोकलेन आलं आणि छपरावर पहिला घाव बसला. लोरेन उभी राहिली. त्याच छपराखाली वडिलांनी तिच्या थोरल्या बहिणीला, सिग्रिडला, दंडाला धरून गाडीतून खाली ओढलं होतं. सिग्रिड एकोणीस वर्षांची होती आणि रेल्वेच्या तारा ओढणाऱ्या ड्वेनबरोबर चार दहाच्या गाडीने पळून जाणार होती. त्याच दिवशी, ती कामाला होती त्या दुसऱ्या दुकानातून तिने याच तारेवरून ड्वेनला फोन केला, तो कुणीतरी ऐकला आणि वडिलांच्या कानावर घातला. ड्वेन गाडीबरोबर गेला तो गेलाच. अकरा वर्षांनी वडिलांना पुरून आल्यावर सिग्रिड लोरेनला एवढंच म्हणाली, "त्या दिवशी फोनवर मागे कॅनरी गात होता." त्याच संध्याकाळी तिने गाव सोडलं. लोरेनला पुन्हा कधी एका ओळीचंही पत्र आलं नाही.

गावात कॅनरी एकाच घरी होता. लोरेनने दुसऱ्या दिवसापासून व्हर्नाला वैरीण ठरवली.

"सिग्रिडचा पत्ता दे," ती आता म्हणाली. "नाताळचं कार्ड येतं ना तुला? यंदाचं नर्सने लिहिलं होतं, ठाऊक आहे मला."

"तुला देऊ नको म्हणालीय ती."

"का म्हणून?"

"सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

लोरेनला ते फार झोंबलं. घर फोडणारीला कार्ड, आणि सख्ख्या बहिणीला काही नाही. तिने मनाशी घोकून आणलेलं बोलून टाकलं. "दोन ओळी लिहून दे. 'मीच ऐकलं, मीच सांगितलं', एवढंच. मी स्वतः घेऊन जाते. तिने डोळे मिटायच्या आधी तिला कळू दे की तुझ्याकडून मी हे वदवून घेतलं."

"तेव्हा सांगितलं तेच सांगते. मी कुणाला काही सांगितलेलं नाही."

लोरेनने पर्समधून जुनं तिकीट काढून तिच्या मांडीवर टाकलं. वडिलांनी ते सिग्रिडच्या हातातून हिसकावून खणात ठेवलं होतं.

"तारीख वाच. गुरुवार होता. गुरुवारी आई चर्चमध्ये गोधड्या शिवायला जायची, म्हणून तर सिग्रिडने तो दिवस धरला. सगळं जमलं होतं. तू नसतीस तर गेली असती ती."

व्हर्नाने चष्मा लावला. तारीख दोनदा वाचली. मग टाकून द्यायच्या खोक्यात हात घातला, विटलेली एक निळी फीत काढली आणि लोरेनच्या हातात दिली. तिच्या चेहऱ्यावरचा खवटपणा गेला होता. लोरेनला ते आवडलं नाही.

"माझ्या कालवडीचा पहिला नंबर," व्हर्ना म्हणाली. "मेळ्यातला. इथून दीडशे मैल. घरचे झाडून सगळे तिथे होतो. आता तू वाच."

फितीच्या मागे चिठ्ठी शिवलेली होती. शाई फिकी झाली होती तरी वाचता येत होती. व्हर्ना, कालवड, २४ ऑगस्ट १९६१. तिकिटावर होती तीच तारीख.

"मग कॅनरी?" लोरेन म्हणाली. "कॅनरी कुठे होता?"

विचारता विचारताच तिला आपलं स्वयंपाकघर दिसलं. आई घरात नाही, खिडकीत पिंजरा, भिंतीवर फोन, आणि फोनखाली ओढून आणलेलं स्टूल.

समोर छप्पर खाली आलं. व्हर्नाने तिकीट नीट दुमडून तिला परत दिलं.

"पत्ता हवाय अजून?"