पोटुशीचा हात

"दुसरा दिवस उजाडला तरी लोळतेच आहे बया!" मिलुंका सुनेवर ओरडली. "पोटुशी काय जगात ही एकटीच झाली?"

तियानाचं अंग तापलेलं, पहाटेपासून उलट्या. छातीवर उन्हात भाजल्यासारखी लाली. नोव्हेंबरात कसलं ऊन! पण मिलुंकाला सगळं कळत होतं. चार बाळंतपणं झालेली बाई ती.

बातमीही तिनेच शोधली होती. लेक व्हिएन्नात गवंडी, महिन्याकाठी दोन दिवस घरी. लग्नाला दोन वर्षं झालेली. दर महिन्याला मिलुंका न्हाणीघरातली कचऱ्याची बादली उपसून पाळीचे पॅड शोधायची आणि सुनेला ऐकवायची, "पुन्हा कूस रिकामीच ना?" या महिन्यात तारीख आली आणि बादलीत काहीच नाही. तासाभरात तिने गल्लीभर रकिया दारू पाजली. सून काहीतरी सांगायला बघत होती. ऐकतंय कोण!

कोबी खारवायचे दिवस. पाळीतल्या बाईने पिंपाला हात लावला तर कोबी सडतो, पोटुशीचा हात मात्र लाभतो. म्हणून तिन्ही पिंपांत गड्डे तियानानेच रचले, मीठही तिच्याच हातचं. आणि पोटुशीला एकटं सोडायचं नसतं. मिलुंका तिच्याच खाटेवर निजली. न्हाणीघराचं दारसुद्धा लोटू दिलं नाही.

"आई, डॉक्टर..."

"उलट्यांना कसला गं डॉक्टर? मुलगा आहे, म्हणून छळतोय."

दुपारी तियाना उठता उठता कोसळली, तेव्हा कुठे गाडी बोलावली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तबकात एक मऊ, रबरासारखा पेला ठेवला. अंगठ्याएवढा. "पाळीचा कप आहे हा. रक्त यात साठतं, पॅड लागत नाही. बारा तासांच्या आत काढून धुवायचा असतो. हिच्या अंगात दोन दिवसांच्या वर राहिला. त्याचं विष रक्तात भिनलंय. काल आणली असतीत तर..."

तियानाची बोटं निळी पडली होती. तिने कसेबसे ओठ हलवले. "तुम्ही बादली उपसता ना, आई. म्हणून घेतला."

मिलुंका तिच्यावर वाकली. डॉक्टरीणबाई मागे सरल्या. त्यांना वाटलं, आता ही सुनेचं कपाळ चुंबेल.

"म्हणजे तसल्या हातांनी भरलास तू माझा कोबी," मिलुंका म्हणाली. "तिन्ही पिंपं नासवलीस."