पाठीवरची पट्टी

मधुमेहावरची नवी पट्टी रोज पाठीवर चिकटवायची होती. जगभरच्या प्रयोगांत ती गुणकारी ठरली होती. खेड्यापाड्यांत ते जमेल का, एवढंच डॉ. मृदुला सोनटक्केला ठरवायचं होतं. तिने यंत्रातलं गाव उघडलं. तिथे खऱ्या गावकऱ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती नांदत. या वेळी नेमकं तिचंच माहेर निघालं. घरोघरी होकार मिळाला. मग पडद्यावर आई दिसली, ओट्यावर एकटीच बसलेली.

“आई, रोज लावशील ना पट्टी?”

“न लावायला काय झालं? पण पाठीवर माझा हात कुठे पोचतोय?”

“मग गं?”

“तू येशील तेव्हा लाव की.”

यंत्राने मृदुलाच्या माहेरच्या फेऱ्या तपासल्या आणि आईच्या नावापुढे शेरा मारला: अव्यवहार्य.