चकलांब्याची दुसरी वाट

"उमापूरची लाईन मेली!" दवाखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये सुकन्या ओरडली.

उमापुरात मोहनरावांच्या बंगल्यासमोर स्वागताची कमान उभी राहत होती. जेसीबीनं खड्डा खणताना केबल तोडली. चकलांब्याच्या आरोग्य उपकेंद्रातून गेवराईच्या दवाखान्यात येणारी इंटरनेटची लाईन त्याच बंगल्यातून फिरून यायची. दवाखाना मोहनरावांच्या संस्थेचा. तिथलं सगळं आपल्या नजरेखालून गेलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. दुसऱ्याच्या काळजाचा ईसीजीसुद्धा.

आणि आत्ता चकलांब्यात बायनाबाई छाती धरून पडली होती. मेंढरं रानात सोडून आलेली. सिस्टर वैष्णवीच्या फोनवरून आवाज येत होता, पण ईसीजीचा फोटो काही पुढं सरकत नव्हता.

"म्याडम, सकाळी लाईट गेलती, ती आत्ताशी आली. इन्व्हर्टर तर मेलेलाच हाय. ईसीजी बघितल्याबिगर डॉक्टर सुई देऊ देईनात!"

सुकन्यानं महिनाभर खपून सगळ्या राउटरांवर ओएसपीएफ बसवलं होतं. प्रत्येक राउटर शेजारच्याला सांगत राहतो, माझ्याकडच्या कोणत्या वाटा चालू हायत. एक तुटली की सगळे आपोआप दुसरी धरतात. कुणाला विचारायची गरज नाही. चकलांब्याहून टॉवरवरून थेट गेवराईला दुसरी वाट होतीही. पण काल संध्याकाळी मोहनराव तिच्या शेजारी बसणाऱ्या तानाजीच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"ती काढ बे. वाट एकच ठेव. माझ्या दारावरून."

तानाजीनं चकलांब्याच्या राउटरवर कमांड मारली. पडद्यावरची दुसरी वाट गेली. मोहनरावांनी त्याची पाठ थोपटली.

"हुजऱ्या," सुकन्या आता त्याच्यावर कडाडली. "बाईला काही झालं ना, तर तुझ्यामुळं!"

तानाजीनं मान वळवली नाही. नजर पडद्यावर.

तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून हाक आली. "आला, ईसीजी आला! सुई द्या म्हणावं! गाडी काढा!"

थोड्या वेळानं वैष्णवीचा फोन. ती हसत होती का रडत होती, कळेना. "दुखणं कमी झालं म्याडम. मेंढरं कोण वळायलंय म्हणून इचारायली!"

सुकन्यानं फोन ठेवला. मग तानाजीकडं वळली.

"तू तर वाट काढली होतीस."

"काढली की. साहेबासमोर." तानाजीनं पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढली. "सेव न्हाई केलं."

सुकन्याला उमगलं. राउटर बंद होऊन चालू झाला की सेव न केलेलं पुसलं जातं आणि आधीचं परत येतं. पण तो बंद होईल, हे याला कसं ठाऊक?

"कमानीला पैसा हाय, इन्व्हर्टरच्या बॅटरीला न्हाई," तानाजी म्हणाला. "अन् चकलांब्यात रोज सकाळी लाईट जाती, हे शेंबडं पोर बी सांगंल."