तव्यावरचा हात

टण्ण.

सीब्रनचा काटा खळग्यात उतरायचा सोडून काठावर आपटला. हिल्केनं ऐकलं, पण मान वर केली नाही. तिच्या हातात पिठाचं नरसाळं होतं आणि तव्याची तिची बाजू अजून रिकामी होती.

तवा कसला, बाजेएवढं लोखंडच ते. सगळं खळग्याखळग्यांचं, आणि प्रत्येक खळग्यात एकेक पोफर्त्या, आप्प्यासारखा इवलासा गोड घावन, फुगत होता. कुट्टूच्या पिठाचा आंबूस वास, त्यावर लोण्याचा. बूड तांबूस झालं की काट्यानं एक टिचकी. पलटी. जरा रेंगाळलं की काळं.

टण्ण.

"बाबा, काटा द्या माझ्याकडे."

"तू पीठ सांभाळ."

पलटी. पलटी.

"लोक बघतायत, बाबा."

पलटी.

"बघायलाच उभे आहेत. नुसतं खायचं असतं तर घरी नसतं का केलं?"

तेही खरंच. हॉलंडातल्या ह्या हूर्नच्या जत्रेत पोफर्त्यांचा तवा नेहमी तंबूच्या तोंडाशी मांडतात. बाकं आत. लोक आधी हात बघतात, मग आत येऊन बसतात. सीब्रनचा हात बघायला तर पलीकडच्या गावांतून माणसं यायची.

पलटी. टण्ण. पलटी.

"आजोबांचं असंच सुरू झालं होतं," हिल्के तव्याकडे बघतच म्हणाली. "उजव्या हातापासून."

"वारा आहे. बंदरावरून सुटलाय."

वारा नव्हता. कनातीवरचे झेंडे मेल्यासारखे लोंबत होते.

पलटी. पलटी. पल—

काटा थरथरला. पोफर्त्या खळग्यातून उसळला, हातभर उंच गेला, हवेत गर्रकन फिरला. सीब्रननं डाव्या हातातली प्लेट कशीबशी पुढे केली. पोफर्त्या बरोबर तीत पडला.

मग टाळ्या.

"वा, काका!" निळ्या जर्सीतला एक दांडगा ओरडला. "ह्याचे वेगळे पैसे लावता की काय?"

"पैसे लावायच्या आधी बघून घे," त्याची बायको म्हणाली. "काका, अजून एकदा!"

"अजून एकदा! अजून एकदा!"

सीब्रन हसला. ओठ तेवढे हसले. तो तव्यावर वाकला तेव्हा हिल्केला त्याची मान दिसली, घामानं निथळणारी. काटा खळग्यात गेला आणि पुढे हात आपल्याच मनानं चालला. एक पोफर्त्या खाली मातीत गेला. दुसरा साखरेच्या डब्यात. पिठीसाखरेचा धुरळा उडून सीब्रनच्या भुवया पांढऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी मनगट तापल्या लोखंडाला टेकलं. त्यानं बाही तेवढी खाली ओढली.

"काय काका, सकाळी सकाळीच लावून आलात वाटतं?"

पुन्हा हसले सगळे. पण हे हसू निराळं होतं. मागच्या दोघी-तिघी शेजारच्या वॅफलवाल्याकडे वळल्या.

सीब्रननं काटा दोन्ही हातांनी धरला.

हिल्केनं नरसाळं ठेवलं. खिळ्यावरचा दुसरा काटा काढला, बापाला खेटून उभी राहिली आणि मनगट सैल सोडलं. आधी बोटं थरथरवली, मग तळवा, मग सगळा हात. लहानपणी जेवणाच्या टेबलावर आजोबांचा चमचा बशीवर वाजायचा, अगदी तसा. तिचा पोफर्त्या उडाला. तिनं तो झेलला. दुसरा मुद्दाम पडू दिला.

"आमच्या घरचा खेळ आहे हा!" ती ओरडली. "पिढीजात! जो झेलेल त्याला प्लेट फुकट!"

मग काय विचारता. लोकांनी टोप्या पुढे केल्या, छत्र्या उलट्या धरल्या. जर्सीवाल्यानं तोंडच वासलं आणि एक गरम पोफर्त्या त्याच्या नाकावर बसला. बायको खो खो हसत सुटली. वॅफलवाल्याकडे गेलेल्या बायका धावत परत आल्या. तव्यावर दोन काटे, दोन मनगटं, सारखीच हलणारी. कोण बाप, कोण लेक, सांगता येऊ नये.

जमलं होतं. धापा टाकत, हसत हिल्केनं बापाकडे पाहिलं.

त्याचा काटा थांबला होता. त्याच्या बाजूचे पोफर्त्ये करपून धूर निघत होता आणि त्याला त्याचं भान नव्हतं. तो तिच्या मनगटाकडे बघत होता. चेहरा कच्च्या पिठासारखा.

गलका चालूच होता. सीब्रन तिच्या कानाशी वाकला.

"तुझा हात," त्यानं विचारलं, "कधीपासून?"