नातवाच्या वाट्याचं कर्ज

“हे पैसे नेमके कुठल्या सदरात धरू?” खिडकीतल्या कारकुनाने तिसऱ्यांदा विचारलं.

“नातवाच्या,” शिवणकाकू म्हणाल्या.

सरकारी खजिन्याच्या त्या कचेरीत माणसं रोजच पैसे भरायला यायची. कर, दंड, फी, जे काय असेल ते कुरकुरत भरून जायची. पण कुणी न मागता आपणहून भरायला आलेलं माणूस कारकुनाने बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्याने काकूंना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. काकूंनी सांगितलं. देशावर इतकं कर्ज झालंय की आज जन्मलेलं पोरसुद्धा डोक्यावर एक लाख बत्तीस हजार घेऊनच येतं, असं रविवारच्या पेपरात छापून आलं होतं. आणि त्यांचा नातू नेमका त्याच रविवारी जन्मला होता.

काकूंनी उभा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात घालवला. नवरा गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, पण दोऱ्याचं रीळसुद्धा त्यांनी कधी उधार आणलं नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि अंथरूणच तोकडं असेल तर गुडघे दुमडून झोपावं, हा त्यांचा खाक्या. अशा बाईचा नातू, अजून मान धरत नाही, आणि कर्जबाजारी? हे त्यांच्या जिवाला लागलं. त्यांनी काजा-बटणाचं मशीन विकलं, पोस्टातली शिल्लक काढली आणि मुलीला न सांगता कचेरी गाठली. आपलं आणि मुलीचं काय ते पुढे बघू. आधी बाळ मोकळं व्हायला हवं.

कारकुनाने समजावलं की कर्ज देशाचं असतं, माणसाचं नव्हे. पेपरवाले नुसता भागाकार करून छापतात. काकूंनी विचारलं, मग फेडतं कोण? देश. आणि देश म्हणजे कोण, ही भिंत?

तोवर मागची रांग कान टवकारून ऐकत होती. एका पेन्शनर आजोबांनी, माणूस गेला तर त्याचा वाटा माफ होतो का, अशी चौकशी केली. एका गवंड्याने आपली पाच पोरं बोटांवर मोजली आणि तो मटकन बाकावर बसला. दंड भरायला आलेला टॅक्सीवाला म्हणू लागला की त्याने यातला छदामही घेतलेला नाही, हवं तर घराची झडती घ्या. खिडकीपुढे गलका झाला, तेव्हा आतून साहेब बाहेर आले.

साहेब माणूस बरा होता. त्यांनी काकूंना आत नेऊन खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग नियमांची तीन जाडजूड पुस्तकं चाळली. नागरिकाकडून त्याच्या वाट्याचं देशाचं कर्ज फेडून घ्यावं, असं कुठल्याच पानावर निघेना. काकू मात्र उठायला तयार नव्हत्या. पावती मिळेपर्यंत बसते, उसवायला दोन सदरे सोबत आणलेत, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि पिशवीतून कात्री काढली. कात्री पाहून साहेबांची बुद्धी एकदम चालू लागली. त्यांनी कारकुनाच्या कानात काहीतरी सांगितलं, खणातून एक छापील अर्ज काढला आणि रक्कम नातवाच्या नावाने भरून घेतली. नाव अजून ठेवलं नव्हतं, म्हणून नुसतं ‘बाळ’ लिहिलं. हातात जाड, गुळगुळीत कागद आला. त्यावर तीन शिक्के होते.

काकू तरंगत घरी आल्या. मशीन विकल्याचं ऐकून मुलगी आधी चिडली, मग आईच्या गळ्यात पडून रडली. जावई बँकेत होता. त्याने कागद पुढून वाचला, मागून वाचला, मग खुर्ची ओढून सासूबाईंजवळ बसला.

“आई, ही कर्ज फेडल्याची पावती नाही. हा सरकारी रोखा आहे. आपल्या बाळाने सरकारला कर्ज दिलंय.”

काकूंना हसूच आलं. सकाळी कर्जदार होता, संध्याकाळी सावकार झाला. मग त्यांना शंका आली. म्हणजे देशाचं कर्ज कमी झालं ना? जावयाने नाइलाजाने सांगितलं की उलट तेवढंच वाढलं. अठरा वर्षांनी सरकार ते व्याजासकट परत करेल. आणि सरकार ते आणणार कुठून? लोकांच्या करातून. तेव्हा जे कमावते होत असतील, त्यांच्याकडून.

तिघांनीही पाळण्याकडे पाहिलं. सावकार दोन्ही मुठी आवळून गाढ झोपला होता.

काकूंनी कागदाची नीट घडी घातली.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “देणारा हाच, घेणारा हाच. निदान तगाद्याला बाहेरचं कुणी दारात यायचं नाही.”