टोरांटो ते मसणवट

दाजी बर्फाच्या शवपेटीत होते आणि त्यांचा मुलगा समर्थ विमानात.

वाडीतल्या चुली काल सकाळपासून थंड होत्या. मढं उठल्याशिवाय शेजारपाजारी धूर निघायचा नाही, ही रीत. रीत सगळेच पाळत होते. म्हणजे एकेक जण गुपचूप कट्ट्याच्या बाजारात जाई, वडापाव खाई आणि तोंड पुसून पुन्हा दाजींच्या घरापुढच्या खळ्यात मान खाली घालून बसे.

टोरांटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, मध्ये लंडनला उतरायचं, तिथून नऊ तास, हे आता वाडीत पोरासोरांनाही पाठ झालं होतं. दाजी तीन वर्षं अंथरुणावर होते, तेव्हा त्यांच्या खोलीत डोकावायला यातल्या कुणाला सवड झाली नव्हती. कुडाळची नोकरी सोडून आलेली त्यांची मुलगी अनुजा तेवढी होती.

तिच्याच फोनवर समर्थचा व्हिडिओ कॉल आला.

"अनू, लंडनाक फुडचा विमान चुकला गो. दुसरा उद्या सकाळी."

भावकीतले वडीलधारे धोंडूकाका उठले. त्यांनी शुगरची गोळी उपाशीपोटी घेतली होती.

"आता थांबान चलाचा नाय. अग्नी कोण देतलो?"

"मी देतंय," अनुजा म्हणाली. "व्हाळाच्या पलीकडे तर मसण. माका विमान लागणा नाय."

कुणीतरी खाकरलं.

"खुळी की काय तू? बायलमाणसांनी मसणात जावची रीत नाय. देवेश तुझो चुलतभाव. तो देतलो."

देवेश पुढे झाला. याच देवेशने आंब्याच्या कलमांच्या हद्दीवरून दाजींना कोर्टात खेचलं होतं. त्याच्या घरचं पाणीसुद्धा दाजींनी मरेपर्यंत घेतलं नाही. पण तो पुरुष होता, आणि वेळेवर हजर होता.

"काका," फोनमधून समर्थ रडवेल्या आवाजात म्हणाला, "माका निदान बघूक तरी गावांदे. फोन थंय घेवन जावा."

धोंडूकाकांचा चेहरा उजळला. "झाला तर! हात देवेशाचो, पण झील हजर आसा. दाजीचो जीव थंड होतलो. अनू, फोन दी."

अनुजाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. तिला ओरडावंसं वाटत होतं. पण मढं ताटकळत ठेवून भांडायचं तरी कसं? तिने फोन दिला. चार्जिंग कमी होतं, म्हणून आपली पॉवर बँकही जोडून दिली.

तिरडी उठली. पुढे मडकं धरलेला देवेश, त्याच्या शेजारी फोन उंच धरलेले धोंडूकाका, मागे सगळी वाडी. बायका खळ्याच्या कडेला थांबल्या. अनुजा चार पावलं पुढे गेली, तशी मागून कुणीतरी तिचा दंड धरला.

वळणापाशी स्पीकरवरून समर्थचा आवाज आला.

"काका, अनू खंय? माका ती दिसना नाय."

"ती घराकडेच ऱ्हवली रे," धोंडूकाका मायेने म्हणाले. "तू इलंस, ता बरा झाला."