तिसरा वन्समोअर

प्रेमी जोडपं बापाच्या घरातून पळून जातं, ते जुनं संगीत नाटक तीस वर्षांनी सोलापुरात पुन्हा येणार होतं. मानसिंगराव महिनाभर पळून जाण्याचं गाणं गुणगुणत होते आणि नाटकातल्या निर्दयी बापाला शिव्या घालत होते. त्याच महिन्यात लेकीनं, वैजयंतीनं, आपला जोडीदार सांगितला. तेव्हापासून मानसिंगराव दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले.

"नाटक येगळं, घर येगळं," ते म्हणाले.

रविवारी दुपारी प्रयोगापुरती खुर्ची रिकामी झाली. त्या गाण्याला दोन वन्समोअर झाले. तिसरा शेजारून बायकोनं, मथुराबाईंनी मागितला.

"तुला बी प्रेम कळाय लागलं की!" मानसिंगराव खूश झाले.

मथुराबाईंनी घड्याळ बघितलं. लेकीची पुण्याची गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती.

"वन्समोअर!" त्या पुन्हा ओरडल्या.